पुन्हा पुन्हा दान झालेली गोधडी

मी गोधडी बोलतेय. सध्या दोरीवर आहे, दोन चिमट्यांत अडकवलेली, आणि अजून चांगलीच ओली आहे, म्हणून बोलायला सवड आहे. एकदा वाळले की मला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा आताच ऐकून घ्या. माझा आवाज जरा चढलेला वाटला तर तो वाऱ्यामुळे चढलाय असं समजू नका. मी चिडलेली आहे, आणि बरेच दिवस चिडलेली आहे.

मी मोठी गोधडी नाही. मोठ्या माणसाने अंगावर घेतली तर त्याचे गुडघेसुद्धा झाकायचे नाहीत. मी तान्ह्या बाळाची. ज्या जिवाला अजून सगळं जग अवाढव्य आणि गार लागतं, त्याच्यापुरती मी. माझ्यासारखीचं आयुष्य मुळातच थोडं. बाळ भराभर वाढतं, गोधडी आखूड पडते, आणि तिने तक्रार करायची नसते. त्या एवढ्याशा आयुष्याचा मोठा तुकडा माझा काचेच्या कपाटात गेला. कुणी मला चोरून नेलं असतं तर मी इतकी चिडले नसते. मला दान केलं होतं. तेही पुन्हा पुन्हा.

माझा जन्म शाळेच्या बसमधला, अगदी मागच्या लांब सीटवरचा. त्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची, मुलांच्या आया मावशी म्हणायच्या, मुख्याध्यापकही मावशीच म्हणायचे. सकाळी मुलं शाळेत गेली की बस शाळेच्या मागच्या भिंतीला लागून उभी राही आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच असे. ड्रायव्हरदादा तोंडावर वर्तमानपत्र टाकून पुढे झोपायचे. मावशी मागे बसायच्या, चष्मा नाकावर ओढायच्या आणि पिशवीतून चिंध्या काढायच्या.

माझ्या वरच्या बाजूला पिवळं कापड आहे, त्यावर बारके हत्ती. तो मावशींच्या मुलीचा फ्रॉक. मुलगी आता नोकरीला लागलीय आणि त्या फ्रॉकातला आपला फोटो दिसला की पालथा घालते. माझी पाठ एका जुन्या चादरीची, धुऊन धुऊन इतकी विरलेली की तिच्यातून उजेड दिसायचा. आणि माझ्या पोटात, आता सांगायला लाज कसली, ड्रायव्हरदादांचे बनियन आहेत. त्यांच्या बायकोने ते उकळून, स्वच्छ धुऊन, घड्या घालून मावशींकडे पाठवले. दादांना पत्ताच नव्हता. बसमध्ये मावशींनी ते उलगडले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं आणि म्हणाले, ओळखीचे दिसतात. त्यानंतर ते रोज विचारायचे, माझे बनियन कुठवर आले? मावशी सांगायच्या, तुमच्यापेक्षा जास्त काम करतायत.

जुनं कापडच का, असं दादांनी एकदा विचारलं होतं. मावशींनी आधी सुईत दोरा ओवला. मग सांगितलं की त्यांची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्माला आली होती आणि पहिले कितीतरी दिवस इस्पितळाच्या चादरीत होती. जाडीभरडी, खरखरीत चादर, तिच्यावर काळा शिक्का. पोरीच्या गालावर त्या चादरीचे लाल चट्टे उठलेले. बारशाआधीच माझ्या लेकीच्या अंगावर इस्पितळाचं नाव होतं, असं त्या म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला. दादांनी त्यानंतर थट्टा केली नाही, निदान त्या दिवशी.

मावशींची एक रीत होती. सगळ्या गाठी आत, दोन थरांच्या मध्ये दडवायच्या, म्हणजे बाळाच्या अंगाला एकही लागत नाही. शिवून झाली की गोधडी पुन्हा पुन्हा धुवायची. आणि अगदी शेवटी डोळा मिटायचा आणि ती पापणीवरून सावकाश फिरवायची, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मोठ्या माणसाच्या अंगावर बाळाच्या कातडीइतकी नाजूक जागा एवढीच उरलेली असते, असं त्यांचं म्हणणं. पापणीला कुठे बोचलं की तिथला टाका उसवायचा आणि परत घालायचा. माझे दोन टाके असे उसवले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला डोळ्यावरून फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं, आणि तशाच डोळे मिटून बसून राहिल्या. मला वाटलं, झोप लागली. मग त्या म्हणाल्या, झाली.

त्या क्षणी मला वाटलं होतं की आता लगेच बाळ.

बाळाच्या आधी संस्था लागली. आमच्या मावशींसारख्या आणखी काही बायका होत्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी पोळपाट-लाटण्यातून दुपारी सुटणारी, कुणी नोकरीतून निवृत्त झालेली. दर शनिवारी दुपारी त्या संस्थेच्या हॉलमध्ये जमायच्या, आपापल्या गोधड्या आणायच्या आणि एकमेकींच्या तपासायच्या. मावशींची पापणीची रीत सगळ्यांनी उचलली होती. तेव्हा चित्र असं दिसायचं की सतरंजीवर गोलात बायका बसल्यात, सगळ्यांनी डोळे मिटलेत, आणि प्रत्येकीने डोळ्याला गोधडी लावलीय. कुणी काही बोलत नाही.

अशातच एका शनिवारी संस्थेच्या अध्यक्षबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हे दृश्य पाहून त्यांना भरून आलं. त्यांना वाटलं, ह्या साध्यासुध्या बायका गरीब बाळांच्या आठवणीने रडतायत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला. आत येऊन त्यांनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला. आता इतक्या मायेने हात फिरवणाऱ्या बाईला कोण सांगणार, की आम्ही टाके बघतोय? सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने तर शिष्टाचार म्हणून नाकही ओढलं. पुढच्याच कार्यक्रमात बाईंनी भाषण केलं, 'अश्रूंनी भिजलेल्या ह्या गोधड्या'. ते वाक्य लोकांना इतकं आवडलं की त्यानंतर एकही भाषण त्याच्याशिवाय झालं नाही. बायकांमध्ये ती थट्टाच होऊन बसली. कुणाचा टाका चुकला की दुसरी म्हणायची, रड बाई, नीट रड.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतेय. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं, त्याला काही लागत नाही. ह्या बाईंना गोधड्या मनापासून आवडायच्या. त्यांनी हॉल मिळवून दिला, चहा द्यायच्या, प्रत्येकीची चौकशी करायच्या. त्यांचं प्रेम होतं आमच्यावर. फक्त ते आमच्यावरच थांबलं होतं, ज्यांच्यासाठी आम्ही जन्मलो त्यांच्यापर्यंत गेलंच नाही.

मावशींनी मला त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि जरा कचरल्या. छान आहे, म्हणाल्या, पण वापरल्यासारखी नाही का वाटत? मावशी म्हणाल्या की वापरल्यासारखीच करायची असते, नवं कापड बाळाला सोसत नाही. बाईंनी मान डोलावली. आणि मला खळ घालायला पाठवलं.

खळ घातल्यावर काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. अंग ताठ होतं. ज्या मऊपणासाठी कुणीतरी पाणी उपसलं, हात चोळून लाल केले, तो मऊपणा इस्त्रीखाली पुठ्ठा होतो. वर माझ्या एका कोपऱ्यात संस्थेचं लेबल शिवलं. सोनेरी जरीने नाव विणलेलं, कडा कडक, नेमका बाळाच्या हनुवटीला लागेल असा कोपरा. मावशींनी पुढच्या शनिवारी ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की टोचेल. बाई हसून म्हणाल्या, देणाऱ्याचं नाव नको का दिसायला? देणारं माणूस तर समोरच उभं होतं, आणि त्याचं नाव त्या लेबलावर कुठेही नव्हतं. पण मावशी आपल्या जागी परतल्या. मग मला चुरचुर वाजणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, रिबीन बांधली.

माझं पहिलं दान एका इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात झालं. खुर्च्या मांडल्या होत्या. बाळंतिणींना उठवून, केस नीट करायला लावून, ओळीने बसवलं होतं. कुणाच्या चेहऱ्यावर अजून कळांचा थकवा, कुणी खुर्चीत एका कुशीवर टेकून बसलेली, कारण सरळ बसवत नव्हतं. पाहुणे आले, भाषण झालं, अश्रू झाले. मग पिशवीतून मला काढून एका मांडीवरच्या बाळावर पांघरलं.

आता खरं सांगते. खळ होती, लेबल होतं, इस्त्रीच्या कडक घड्या होत्या, तरी त्या बाळाची ऊब माझ्यात यायला लागली. दुधाचा आंबूस वास आला. त्याच्या श्वासाबरोबर मी एवढीशी वर जात होते आणि एवढीशी खाली येत होते. माझ्या पोटातले बनियनसुद्धा हलले. मला वाटलं, हेच ते, ह्यासाठीच सगळं. त्याच्या आईने माझा काठ बोटांत धरला होता.

फोटो झाला. आणि कुणीतरी मला उचललं.

मला समजेना. आईलाही समजलं नाही, कारण तिने काठ सोडला नाही. संस्थेतली एक बाई गोड आवाजात म्हणाली की पुढच्या वॉर्डातही फोटो घ्यायचाय. आईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटं सैल केली. त्या सुटलेल्या बोटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. राग तिच्यावर नाही हो. हातातलं इतकं निमूट सोडायला तिला ज्यांनी ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांवर आहे. तिला माझ्याऐवजी एक केळं दिलं.

पुढच्या वॉर्डात माझं दुसऱ्यांदा दान झालं. मग दुसऱ्या इस्पितळात. मग एका अनाथालयात, तिथे तर एकाच बाळाला दोन पाहुण्यांच्या हातून दोनदा मिळाले. दर खेपेला खळ, इस्त्री, पिशवी, रिबीन. गाडीत परतताना संस्थेतल्या एकीने विचारलं होतं, द्यायच्या का आता ह्या खरंच? अध्यक्षबाई म्हणाल्या की इतक्या सुंदर वस्तू, ते लोक त्यांची फडकी करतील. हे बोलताना त्यांचा हात माझ्यावर होता. त्या मला जपत होत्या.

कार्यक्रम नसला की आम्ही हॉलमधल्या काचेच्या कपाटात. वरच्या खणात मी, माझ्या शेजारी निळी, तिच्याखाली ठिपक्यांची, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. पाहुणे यायचे, कपाट उघडलं जायचं, हात फिरायचे. अंगठ्यांचे हात, अत्तराचे हात. किती नाजूक काम, म्हणायचे. बाळ सोडून सगळ्यांनी आम्हाला हात लावला. ज्या दिवशी एका जाड्या पाहुण्याने मला गालाला लावून डोळे मिटले त्या दिवशी, दादांच्या बनियनची शपथ, मला हसूच आवरेना. पण निळी रडायची. तिला एकदाही कुणावर पांघरलं नव्हतं. तिचा रंग फोटोत उठून दिसत नाही म्हणे.

आणि शनिवारी त्याच हॉलमध्ये आमच्या मावशी येऊन बसायच्या. त्यांना आम्ही दिसत नव्हतो का? पाहुणे नसले की कपाटाला आतून पडदा ओढलेला असायचा, ऊन लागू नये म्हणून. त्या नवीन गोधड्या आणायच्या, विचारायच्या, दिल्या का मागच्या? बाई म्हणायच्या, दिल्या तर, सगळ्या दिल्या. आणि हे खोटं बोलतोय असं त्यांना वाटतच नसे. फोटो होते ना. मी काचेआडून, पडद्याआडून मावशींचा आवाज ऐकायचे. त्या घरी जाताना बायकांना म्हणायच्या, आता कुठेतरी ती हत्तीवाली पांघरून कुणी झोपलं असेल. मला ओरडता येत असतं तर काच फुटली असती.

मावशींनी कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. कार्यक्रम असायचे ते नेमके शाळा सुटायच्या वेळी, आणि मुलांना रस्त्यात सोडून त्या जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी शिवली गेले तेव्हा मुलं स्वेटर घालून बसमध्ये चढत होती. ती स्वेटर पेटीत गेली, उन्हाळा आला, गेला, आणि परत ती स्वेटर बाहेर निघाली. अशाच एका गारठ्याच्या दिवशी शाळेची पाण्याची टाकी फुटली, वर्गांत पाणी शिरलं आणि मुलांना अर्ध्या दिवसातच घरी पाठवलं. दादा म्हणाले, चला, आज तुमच्या गोधड्यांचं लग्न बघून येऊ, माझे बनियनही भेटतील. आपल्या स्कूटरवर बसवून त्यांनी मावशींना इस्पितळात आणलं.

त्या दिवशी मी एका मुलीच्या मांडीवर होते. मुलगीच म्हणायची, आई झाली होती तरी. बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायचं काम करायची. कामावरच कळा सुरू झाल्या होत्या, वेळेच्या खूप आधी, आणि ती तशीच, नेसत्या कपड्यांनिशी इथे आली होती. तिचं बाळ मुलगी होती. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत काढून त्या दिवशी घरी निघाली होती. मला ते कळल्यावर एकदम जवळचं वाटलं. काचेआड राहणं काय असतं ते मला माहीत होतं. आई-बाळाला सकाळीच सोडायचं होतं, पण कार्यक्रमासाठी थांबवून ठेवलं होतं. बाहेर बोचरा वारा सुटला होता. घरून आणलेलं एकुलतं फडकं बाळाने भिजवून ठेवलं होतं, म्हणून बाळ इस्पितळाच्या शिक्क्याच्या चादरीत होतं, आणि ती परत न्यायला वॉर्डातली सिस्टर शेजारीच उभी होती. इस्पितळाच्या चादरी मोजून परत घ्याव्या लागतात, तिचाही इलाज नव्हता.

फोटो झाले. मावशी मागून गर्दीतून पुढे आल्या. त्यांना माझे हत्ती दिसले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या इस्त्रीच्या घड्या वितळतील असं वाटलं. त्यांना वाटलं, मी त्या बाळाचीच आहे. आज मिळालेली नाही, आधीपासूनची. त्या जवळ येऊन काही बोलणार, इतक्यात त्या मुलीने मला बाळावरून काढलं, नीट घडी घातली आणि त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या ना मावशी. परत द्यायचीय, सांगितलंय आम्हाला."

मावशींनी मला हातात घेतलं. त्यांचा हात माझ्यावरून फिरला आणि थांबला. खळ. मग कोपरा. लेबल. सवयीने त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळा मिटला आणि मला पापणीला लावलं.

अध्यक्षबाईंनी नेमकं तेच पाहिलं. त्या लगबगीने आल्या, त्यांनी मावशींच्या खांद्याभोवती हात टाकला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, बघा, मी सांगत होते ना, हेच ते अश्रू. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा वर केला.

"बाई, मी रडत नाहीये," मावशी म्हणाल्या. "मी बघतेय, टोचते का."

कुणाला काही समजलं नाही. मावशींनी डोळा उघडला. तो कोरडा होता आणि लाल झाला होता.

"टोचते," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणीच कधी रडलो नव्हतो. आम्ही टाके बघत होतो. तुम्हीही बघा."

त्यांनी मला पुढे केलं. आणि हे मी अध्यक्षबाईंच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, त्यांनी मला घेतलं. चष्मा काढला. मला डोळ्याजवळ नेलं. त्यांच्या पापण्यांचा वारा मला लागला. एवढंसं अंतर उरलं होतं. तेवढ्यात त्यांना वर धरलेला कॅमेरा दिसला, पाहुणे दिसले, आणि त्यांनी मला खाली घेतलं. त्यांच्या पापणीपर्यंत मी पोचलेच नाही.

त्या हळू आवाजात मावशींना समजावू लागल्या. आज पाहुणे आहेत, उद्या आपण बोलू, उद्या हिच्या घरी पाठवून देऊ. शिवाय लोक नीट वापरत नाहीत हो, फडकी करतात, तुमच्याच कष्टांची मला काळजी आहे. मावशी काही म्हणायच्या आत ती पुडे भरणारी मुलगी बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"करीनच की फडकं. ही मोठी झाली की करीन. टाकून थोडीच देणार?"

दादांना राहवलं नाही. मागून म्हणाले, "आमच्याकडेही फडकीच व्हायची होती बाई. माझे बनियन आहेत त्यात."

बाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "बनियन?" ज्या पाहुण्याने मला मागे गालाला लावलं होतं तो दोन पावलं मागे सरकला.

सिस्टरने तेवढ्यात आपलं काम केलं. तिने बाळाभोवतीची शिक्क्याची चादर सोडवली आणि काढून घेतली. तिला ती आणखी थोडा वेळ राहू देता आली असती, पण तिने मावशींकडे पाहिलं आणि मुद्दाम तेव्हाच काढली. बाळ उघडं पडलं. एवढेसे हातपाय आखडले, तोंड वाकडं झालं, पण रडण्याचा आवाजही पुरता निघेना, इतकं ते लहान होतं.

मावशींनी मला अध्यक्षबाईंच्या हातातून घेतलं. पिशवीतून बारकी कात्री काढली. लेबलाचा एकेक टाका उसवला, घाई न करता, कापडाला ओढ बसू न देता. सगळे बघत होते. लेबल त्यांनी नीट बाईंच्या तळहातावर ठेवलं. मग मला दोन्ही हातांनी चुरगाळलं. असं चुरगाळलं, असं चोळलं, की खळ पापुद्र्यांसारखी उडाली, आणि इतक्या महिन्यांनी माझं अंग मला परत मिळालं. मग त्यांनी मला बाळाभोवती गुंडाळलं.

"मावशी," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती संस्थेची आहे."

"मग संस्थेने घ्यावी परत," मावशी म्हणाल्या. "तिच्या अंगावरून."

कुणीही हात पुढे केला नाही. पण कुणी हो सुद्धा म्हणालं नाही. आईचे डोळे बाईंच्या हातांवर होते. तिची बोटं माझ्या काठावर होती, आणि ती आधीच सैल होत होती, मला ते जाणवत होतं. शिकलेली गोष्ट इतक्या सहज सुटत नाही. आणखी एक क्षण गेला असता तर तिने मला स्वतःहून परत दिलं असतं.

तेव्हा बाळानेच निकाल लावला. आधी मला ऊब जाणवली. मग ती पसरली, हत्तींच्या पिवळ्या कापडातून विरलेल्या चादरीपर्यंत, आणि दादांच्या बनियनांनी ती मनसोक्त पिऊन घेतली. मी ओली झाले. चिंब ओली झाले. जन्मल्यापासून मी जिची वाट पाहत होते ती घटका हीच होती. तेवढीच काय ती खरी, आणि तिचा फोटो कुणी काढला नाही.

सिस्टर हसली. अध्यक्षबाईंनी मिटलेल्या मुठीतल्या लेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे आता. मी आता कपाटात ठेवण्याजोगी राहिले नव्हते.

ह्यावर सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. अध्यक्षबाईंनी संस्थेत सांगितलं की मावशींची तब्येत त्या दिवशी ठीक नव्हती. काचेच्या कपाटाला कुलूप लागलं. भाषणातलं अश्रूंचं वाक्य तेवढं बंद झालं म्हणे. मावशी शनिवारी हॉलमध्ये जात नाहीत. निम्म्या बायका अजून जातात, कारण तिथे बसायला जागा आहे, पंखा आहे, आणि बाईंना दुखवणं त्यांना जमत नाही. बाकीच्या आता शाळेच्या बसमध्ये येऊन बसतात. दादा कुरकुरतात की झोपायला सीट उरली नाही आणि घालायला बनियन. तयार झालेल्या गोधड्या थेट सिस्टरच्या खणात जातात, आणि ज्या बाळाला लागेल त्याच्याबरोबर घरी जातात. भाषण नाही की केळं नाही. हे सगळं मावशी इथे येतात तेव्हा सांगतात. मला पापणीवरून फिरवून बघतात आणि म्हणतात, आता बरी झालीस.

इथे म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यामागच्या एका खोलीत. हवेला भाजलेल्या पिठाचा वास असतो. माझा एक कोपरा चावून चावून लोंबतोय, नेमका तोच, जिथे लेबल होतं. एका हत्तीवर औषधाचा डाग आहे, तो जाणार नाही. मला ओढतात, चोखतात, लाथा मारतात, पायाखाली तुडवून रांगायला बघतात. थोड्या दिवसांत मी आखूड पडेन, आणि मग फडकं होईन. होऊ दे. मी त्यासाठीही तयार आहे. फडक्यालासुद्धा दिवसभर कुणीतरी हातात घेतं.

पण निळी अजून त्या कपाटात आहे. ठिपक्यांची आहे. त्यांच्या अंगात अजून खळ आहे, आणि त्यांची बाळं तिकडे शिक्क्याच्या चादरीत वाढतायत. कुणाच्या तरी डोळ्यांची, पाठीची, दुपारच्या झोपेची शिलाई त्यांत आहे. ती जपून ठेवणं म्हणजे ती फुकट घालवणं, हे एवढं साधं सांगायला एका गोधडीला तोंड उघडावं लागावं? तुम्ही देणाऱ्यांपैकी असाल तर दिलेल्या वस्तूवरचा हात काढून घ्या. ती मळेल, फाटेल, तिची काय वाटेल ती गत होईल, ते बघायला जाऊ नका. आणि तुमच्याकडे असं एखादं काचेचं कपाट असेल, तर ते उघडा आणि आतल्यांची घडी मोडा. बाकी काही मागत नाही.

आत रडायला लागलंय कुणीतरी. पोरीची आई आली बघा, ओले हात कपड्यांना पुसत. माझा काठ चाचपून म्हणतेय, दमटच आहे अजून. आता चिमटा काढेल. मी वाळेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही.

चालले मी.